कोठाराच्या वळणावरची कमेंट

(स्कॉटलंडमधलं क्रीफ गाव, जूनमधली दुपार. पिटकेर्न नवराबायकोच्या स्वयंपाकघरात तिघं टेबलाशी बसलेत. पाहुणीने कोट काढलेला नाही.)

इना: …तुझ्या ब्लॉगवर तीनदा शोधलं तिने. लायब्ररीतली पोरगी हुशार आहे, तिच्या नजरेतून सुटायचं नाही. वरचं तुझं सगळं आहे म्हणे, गाड्यांचे फोटोबिटो. खालचं गायब. माझ्या मर्डोचं लिहिलेलं कुठं गेलं, स्ट्रुअन?

स्ट्रुअन: मिसेस मॅकरॉस्टी, आधी चहा घ्या ना. गार होतोय.

इना: चहासाठी मी कॉमरीहून बस पकडून नाही आले.

मॉर्व्हन: घ्या हो. चहा मी केलाय, त्याने नाही.

इना: मग घेते, पोरी. हे बघ स्ट्रुअन, सोमवारी पर्थला शेरीफच्या कोर्टात मर्डोच्या मृत्यूची चौकशी आहे. दोन वर्षं वाट बघितली मी या तारखेची. मोटार क्लबने लेखी दिलंय की गाडी अंगावर आली तेव्हा मार्शल आपली नेमलेली जागा सोडून पुढे उभा होता. म्हणजे माझा नवरा आपल्या पायांनी मरायला गेला! तेवीस वर्षं तो नारंगी डगला घालून शर्यतीत झेंडा दाखवायला त्या डोंगरावर उभा राहिला, घरच्या सूपवर, फुकटात. आणि शेवटी काय, तर म्हातारा मूर्ख होता.

स्ट्रुअन: वाचलं मी ते. अशी चीड आली म्हणून सांगू! मी त्यावर लिहिणारच होतो.

मॉर्व्हन: लिहिणारच होतास.

इना: आमची वकील आहे, मिस ऑगिलव्ही. ती म्हणते, क्लबच्या मीटिंगच्या वहीत मर्डोने उभं राहायच्या जागेबद्दल तक्रार केल्याची ओळसुद्धा नाही. बाकीचे मार्शल तोंड उघडत नाहीत, त्यांना पुढच्या मे महिन्यात तिथंच उभं राहायचंय. तेव्हा लेखी काही असेल तर आणा. मी म्हटलं, आहे की! स्ट्रुअन पिटकेर्नच्या ब्लॉगवर आहे. लिहून घरी आला त्या दिवशी मर्डो मला म्हणाला होता, "क्लबवाले वहीत घेत नाहीत ना, मग मी त्या पोराच्या पानावर लिहून आलोय. कुठंतरी लिहिलेलं राहील."

स्ट्रुअन: म्हणजे त्याचं कसं आहे… तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर…

मॉर्व्हन: सांगून टाक.

स्ट्रुअन: सांगतोय ना! मार्चमध्ये मी ब्लॉगचं डिझाईन बदललं, मिसेस मॅकरॉस्टी. जुनं पान फार गजबजलं होतं. डावीकडे याद्या, उजवीकडे याद्या. आता एकच रकाना आहे, दोन्हीकडे मोकळी जागा. वाचणाऱ्याचं लक्ष मजकुरावर राहावं म्हणून…

इना: अरे, मी मर्डोचं विचारतेय.

मॉर्व्हन: त्याने कमेंट पुसल्या. सगळ्या.

इना: सगळ्या म्हणजे?

स्ट्रुअन: अकरा हजार होत्या.

इना: मर्डोच्या पण?

स्ट्रुअन: त्यांच्या तीनशेच्या वर होत्या. नऊ वर्षांच्या. माझा एक शब्द सोडायचे नाहीत. टायरचे नियम बदलले त्यावर मी चार ओळी लिहिल्या, तर त्यांच्या चाळीस. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं की दुसऱ्या दिवशी हजर, "पोरा, तुझा देश चालवायला पैसे कोण देणार, तुझी आजी?" आणि अक्षरं फिकट आहेत, चष्मा लावूनही दिसत नाहीत, हे तर दर महिन्याला.

इना: तुझ्याशी भांडून आला की दोन बटाटे जास्त खायचा. आणि त्याचं ते सगळं तू पुसलंस? तो गेल्यावर?

स्ट्रुअन: मी त्यांचं म्हणून नाही पुसलं हो. सार्वमतानंतर लोकांनी त्या कमेंटमध्ये चिखल करून ठेवला होता. देशद्रोही काय, गुलाम काय. मॉर्व्हनने विरोधात मत दिलं हे कुणालातरी कळलं, तर तिच्याबद्दल असं काही लिहिलं की…

मॉर्व्हन: खापर माझ्या डोक्यावर नको फोडूस. मी म्हटलं होतं, चार कमेंट काढ. चारच. कुठल्या तेही बोट ठेवून दाखवलं होतं.

स्ट्रुअन: एकेक निवडत बसलो असतो तर असल्या शेकडो निघाल्या असत्या. आठवडे गेले असते. तिथं एक बटण होतं.

इना: आणि ते दाबताना आठवला नाही तुला तो? अंत्ययात्रेला आला होतास ना तू? शेवटच्या रांगेत उभा होतास. मी बघितलं होतं.

स्ट्रुअन: नाही आठवले. काय सांगू तुम्हाला, पान कसं स्वच्छ दिसेल एवढंच डोक्यात होतं. त्याच दिवशी मी वर पोस्टही टाकली, "अखेर मोकळा श्वास."

इना: परत आणता येतं म्हणतात. लायब्ररीतली म्हणाली, इंटरनेटवरून काही जात नाही.

स्ट्रुअन: सगळे म्हणतात तसं. मीही म्हणायचो. मी ज्यांच्याकडे ब्लॉग ठेवलाय त्यांना फोन केला. ते प्रत तीसच दिवस ठेवतात, आणि तेवढे उलटून गेले होते.

इना: जुन्या पानांचं संग्रहालय आहे ना कुठंतरी? तीच म्हणाली.

स्ट्रुअन: आहे. तिथं ते पान सापडलं. ड्रमफेलनची डोंगरचढ शर्यत, सप्टेंबर, माझा सगळा लेख. आणि खाली लिहिलंय, "कमेंट: एकोणीस."

इना: मग!

स्ट्रुअन: ते बटण आहे. दाबलं की खाली कमेंट उघडायच्या. मीच केलं होतं तसं, पहिल्या नजरेला पान भरलेलं दिसू नये म्हणून. संग्रहालयाने वरवरचं पान उचललं, बटणामागचं नाही उचललं. माझी उत्तरं सोडून एकोणीस आहेत एवढं दिसतं. काय आहेत ते नाही.

इना: तुला पत्र येत असेल ना प्रत्येकाचं? ईमेल?

स्ट्रुअन: यायचं. सार्वमताच्या धुमाळीत दिवसाला दोनशे यायला लागले, तेव्हा बंद केलं. पुन्हा चालू करायचं राहून गेलं.

इना: बाकीचे अठरा कोण होते? त्यांनी वाचलं असेल.

स्ट्रुअन: खरी नावं कुणाचीच माहीत नाहीत. एक "रागीट बदक" होता. आणि ते अठरा गाड्यांबद्दल बोलतच नव्हते. तिसऱ्या कमेंटपासून तिथंही स्वातंत्र्यावरून जुंपली होती.

मॉर्व्हन: हा देश एक दिवस असाच बुडणार. खाली आग लागलीय सांगायला कुणी आला, तर त्याला आधी विचारतील, तू मत कुणाला दिलंस?

इना: मर्डोकडे तर कॉम्प्युटरच नव्हता. लायब्ररीत बसून लिहायचा, दोन बोटांनी. तू हे कधी शोधलंस सगळं? फोनबीन?

स्ट्रुअन: एप्रिलमध्ये. चौकशीची बातमी आली तेव्हा.

इना: आणि आज जून आहे.

स्ट्रुअन: तुम्हाला कसं सांगावं ते सुचत नव्हतं.

मॉर्व्हन: मी रोज म्हणत होते, कॉमरीला जा. रोज. हा रोज म्हणायचा, उद्या.

इना: बरं. बरं. पुसलं तर पुसलं. आता ऐक. तू ये सोमवारी.

स्ट्रुअन: मी?

इना: पुसलं असलं तरी वाचलंयस ना! शपथ घे आणि सांग, मर्डो मॅकरॉस्टीने आठ महिने आधी असं असं लिहिलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. उत्तरही दिलं होतंस तू. मर्डो त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "पोराने मनावर घेतलंय. क्लबला विचारतो म्हणालाय." किती दिवसांनी शांत झोपला होता माणूस.

मॉर्व्हन: मनावर घेतलंय?

स्ट्रुअन: येतो. मी येतो, मिसेस मॅकरॉस्टी. एवढं तरी करायलाच हवं मला.

इना: तसा सरळ सोडणार नाही तो क्लबचा वकील. मिस ऑगिलव्ही माझी तयारी करून घेते, तशी आत्ताच करू. उभा नको राहूस, बसूनच सांग. मिस्टर पिटकेर्न, क्लबने मार्शलांची जागा कुठल्या वळणावर हलवली होती?

स्ट्रुअन: कोठाराच्या वळणावर.

इना: शाब्बास. आतल्या अंगाला हलवली की बाहेरच्या?

स्ट्रुअन: आतल्या.

इना: बाहेरच्या रे! आत हलवली असती तर आज घरी असता तो. ब्रेक अडकला की गाडी सरळ बाहेरच जाते, आणि बाहेर मर्डो आणि त्याच्या जोडीचा मार्शल झेंडे घेऊन उभे. किती पावलं?

स्ट्रुअन: वीस?

इना: बारा. मोजून बारा. कशासाठी हलवली?

स्ट्रुअन: बहुतेक… रस्ता रुंद करायला?

इना: पाहुण्यांच्या तंबूसाठी! त्या तंबूतला केक छान होता असं तूच वर लिहिलंयस. ते आहे अजून, लायब्ररीतल्या पोरीने वाचून दाखवलं मला. स्ट्रुअन, काय चाललंय हे? नीट आठव ना.

मॉर्व्हन: थांबा, मिसेस मॅकरॉस्टी. माझ्याकडे बघ, स्ट्रुअन. तू वाचलं होतंस का ते?

स्ट्रुअन: चाळलं होतं.

मॉर्व्हन: वाचलं होतंस का?

स्ट्रुअन: नाही. दोन मोठे परिच्छेद होते. वर त्यांचं नाव बघितलं आणि वाटलं, झालं, आली आजोबांची कीर्तनं. त्या दिवशी दुसऱ्या पोस्टवर मारामारी चालू होती, माझं सगळं ध्यान तिकडे. पहिली ओळ बघितली. "कोठाराच्या वळणावर आमची जागा बदलली आहे." पुढचं नाही वाचलं.

इना: मग उत्तर कशाला दिलंस?

स्ट्रुअन: मी प्रत्येकाला द्यायचो.

इना: काय दिलंस?

स्ट्रुअन: मिसेस मॅकरॉस्टी…

इना: ते तरी आठवतं का?

स्ट्रुअन: आठवतं. शब्दन् शब्द आठवतो. "मर्डोसाहेब, आज सूप गार झालं होतं वाटतं? मार्शलच वळणाला घाबरायला लागले, तर पुढच्या वर्षी गाड्या ढकलत वर न्याव्या लागतील."

मॉर्व्हन: देवा रे.

स्ट्रुअन: चौदा जण हसले होते त्यावर. जमलंय असं वाटलं होतं मला.

इना: आणि मर्डो?

स्ट्रुअन: त्यांनी पुढे काही नाही लिहिलं. त्या लेखावर नाही आणि नंतरही नाही. मला वाटलं, थंडीमुळे लायब्ररीत येत नसतील.

इना: घरी येऊन मला म्हणाला, पोराने मनावर घेतलंय. भर टेबलावर, माझ्या डोळ्यांत बघून. एकेचाळीस वर्षांत माझ्याशी खोटं बोलला नव्हता रे तो माणूस.

मॉर्व्हन: इना… अजून थोडा चहा ओतू?

इना: नको, पोरी.

स्ट्रुअन: तरी मी येतो. तुम्ही सांगा, मी पाठ करतो. बाहेरच्या अंगाला, बारा पावलं, पाहुण्यांच्या तंबूसाठी. खरंच आहे ना ते? त्यांनी लिहिलंच होतं ना? मग मी वाचलं म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं? सोमवारपर्यंत तोंडपाठ करतो.

इना: मोह होतोय रे. माझ्या हातात दुसरं काही नाही, म्हणून फार मोह होतोय.

मॉर्व्हन: शपथेवर खोटं बोलणार तू?

स्ट्रुअन: त्यांच्यासाठी बोलेन!

इना: आणि वकील विचारेल, तुम्ही उत्तर काय दिलंत? सूपचं सांगशील? की तेही मीच पढवू? नाही जमायचं. मर्डोचं खरं आहे, पण तुझ्या तोंडून ते खोटं ठरेल. आणि एकदा तू खोटा ठरलास की माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? नको येऊस.

मॉर्व्हन: मी येते तुमच्यासोबत. नुसती शेजारी बसायला.

इना: ये. तिथं बाकं फार कडक आहेत, आणि एकटीला दिवस सरत नाही. पाच दहाची बस आहे ना इथून?

मॉर्व्हन: मी गाडीने सोडते.

स्ट्रुअन: मिसेस मॅकरॉस्टी, थांबा. मी सगळं लिहितो. आजच. मी काय पुसलं, काय वाचलं नाही, काय उत्तर दिलं, एक अक्षर लपवणार नाही. क्लबचं नाव घालून लिहितो. लोकांना कळू दे.

इना: लिही की. पण वाचणार कोण? तुझं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस होता, पोरा.