ग्रीसमधलं कुंकू

(चाकणमधला सुट्या भागांचा कारखाना. खंडेनवमीची पूजा नुकतीच झाली आहे, मशिनं बंद आहेत. फोर्जिंग शॉपमध्ये नेटवर्क सुरक्षेच्या भाग्यश्री मॅडम शिडीवर. खाली शिडी धरून मेंटेनन्सचे फोरमन साहेबराव.)

भाग्यश्री : या प्लांटच्या हवेत माझ्या परवानगीशिवाय एक लहरसुद्धा फिरू शकत नाही, काका. मी तसं लेखी दिलंय.

साहेबराव : व्हय. आधी ओढणी सोडवा, केबल ट्रेत गुंतलीय.

भाग्यश्री : तरी महिनाभर एक चोरटं वायफाय मला छळतंय. लॅपटॉप घेऊन शोधत फिरते, तर वेल्डिंग सुरू झालं की सिग्नलचा आकडा नाचायला लागतो. आज सगळं बंद. आज ते एकटंच बोलतंय.

साहेबराव : कष्टाळू दिसतंय. सणाला बी ड्युटीवर.

भाग्यश्री : हे बघा, सापडलं. राउटर. आपल्याच नेटवर्कच्या वायरीत जोडलाय चक्क.

साहेबराव : काय एकेक माणसं असत्यात.

भाग्यश्री : त्याला झेंडू वाहिलाय. कुंकूपण लावलंय. ग्रीसमध्ये कालवलेलं.

साहेबराव : कोरडं उडून जातं, मॅडम. ग्रीसमधलं पुढच्या दसऱ्यापर्यंत हलत न्हाई.

भाग्यश्री : अख्ख्या कारखान्यात असं कुंकू एकच माणूस लावतो.

साहेबराव : व्हय. मीच.

भाग्यश्री : शिडी धरलीय ना?

साहेबराव : धरलीय की. माझ्या शॉपमधी आजवर कुणी पडलं न्हाई.

भाग्यश्री : पण काका, लपवून लावायचं आणि वर त्याची पूजा करायची? फूल नसतं वाहिलं तर तुमचं नाव मला जन्मात कळलं नसतं.

साहेबराव : मग काय करू? प्रेसला हार, ग्राइंडरला हार, झाडूला बी फूल वाहिलं. आन ह्यो बिचारा रातंदिस राबतोय, त्याला तसाच ठिवू? चोरून लावला म्हणून काय मशीन न्हाई व्हय?

भाग्यश्री : पण लावलात कशासाठी?

साहेबराव : हितं चारी बाजूंनी पत्रा. फोन लागत न्हाई. आमची लेक पुनम बाळंत झाली, तवा नातू झाल्याचं मला शिफ्ट सुटल्यावर गेटवरच्या वॉचमननं सांगितलं. ते बी पेढा चघळत. तवाच ठरवलं, माझ्या शॉपमधल्या पोरांवर ही येळ यायची न्हाई. वायर म्या वढली, खोका म्या बसवला. एक सांधा ढिला दिसतो का बघा.

भाग्यश्री : सांधा उत्तम आहे. तेच तर दुखणं आहे. कंपाउंडबाहेर उभा राहिलेला माणूस यातून आपल्या पार्ट्सच्या ड्रॉइंगपर्यंत पोचेल.

साहेबराव : पासवर्ड लई अवघड ठिवलाय. मलाच दोनदा टाकावा लागतो.

भाग्यश्री : परवा कस्टमरचं ऑडिट आहे. मला रिपोर्ट लिहावाच लागेल. यात नोकरी जाते, काका. रिटायरमेंट तोंडावर आलीय तुमची.

साहेबराव : लिहा. ‘फोरमन साहेबराव’ असं पुरं लिहा. आन कुणी हुडकलं ते बी लिहा. आपल्या गावच्या, मोशीच्या पोरीनं हुडकलं. आमाला बी छाती फुगवायला काय तरी पायजे.

भाग्यश्री : पासवर्ड कोणाकोणाला दिलाय?

साहेबराव : ते न्हाई सांगायचो. नाव एकच जाईल.

भाग्यश्री : ते बघा, रणजीत सर आलेच. प्लांट हेडसमोर तरी सांगाल ना?

साहेबराव : त्यांच्यासमोर तर आजिबात न्हाई.

रणजीत : काय भाग्यश्री, सापडलं ना? वेल डन. आय ॲम प्राउड. या प्लांटमध्ये शिस्तीपेक्षा मोठा कोणी नाही. ज्याने हे लावलं, त्याचा आज इथला शेवटचा दिवस. कोण आहे तो?

साहेबराव : मी, साहेब.

रणजीत : तुम्ही, साहेबराव? हं. आणि ते, म्हणजे, आत्ताच काढताय?

भाग्यश्री : लगेच, सर. वायर हातातच आहे.

रणजीत : काढा, काढा. फक्त जरा थांबून काढा. पूजेचे फोटो हेड ऑफिसला पाठवतोय, अर्धेच गेलेत.