गोळीची तक्रार

डॉ. चैताली : कात्रीनं कापल्यात? या सगळ्या?

मदिनाबी : डबीभर अर्धुकं सापडली, मॅडम. बटणांच्या डबीत.

जब्बार : शिंप्याचा हात आहे. बरोबर मधोमध कापल्यात.

डॉ. चैताली : वा, शाबास! डिप्रेशनची गोळी द्यायची मी आणि माप बेतायचं तुम्ही. का हो कमी केलीत, जब्बारभाई?

मदिनाबी : बोला आता! मॅडम, चार दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसलेत. दुकान सहा महिने बंद होतं ना, तेव्हा असेच बसायचे. मला धडकीच भरली.

जब्बार : सांगतो. गोळीनं तोंडाला कोरड पडते. दोऱ्याचं टोक ओलं करायला थुंकीसुद्धा नाही. सुईचं भोक धूसर दिसतं. मंडईजवळ तीस वर्षं काजं करतोय मी, आणि आता सुई ही ओवून देते.

डॉ. चैताली : आणि आठ महिन्यांत मला एका शब्दानं बोलला नाहीत?

जब्बार : कसं बोलणार? आपण मला माणसात आणलंत. झोप लागली, भूक लागली, दुकानाचं शटर वर गेलं. त्याच गोळीला नावं ठेवू? खाल्ल्या घरचे वासे मोजणारा नाही मी.

डॉ. चैताली : अहो, मोजा की! दर वेळी विचारते, काही त्रास? तर तुमचं आपलं एकच, 'आपली मेहरबानी.' मेहरबानी काय लिहून घेऊ केसपेपरवर?

मदिनाबी : घरीपण तेच सांगतात.

डॉ. चैताली : ही गोळी जुन्या पिढीतली. गुणाची आहे, पण तोंड सुकवते, जवळचं धूसर करते. नव्या गोळ्या जास्त जोरकस असतात असं काही नाही. बऱ्याच जणांना त्या जास्त झेपतात, एवढंच.

जब्बार : आणि नाही लागू पडली तर? डोळे अधू झाले तरी चालतील मॅडम, पण ती भिंत नको. खरंच नको.

डॉ. चैताली : म्हणून तर जुनी हळूहळू उतरवू आणि नवी हळूहळू चढवू. पहिले आठ-दहा दिवस मळमळेल. गुण यायला काही आठवडे लागतील. दर आठवड्याला मला तोंड दाखवायचं. नाहीच मानवली, तर जुनी कुठे पळून जात नाही.

मदिनाबी : आणि कात्री?

डॉ. चैताली : कात्री कापडाला.

(डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात.)

जब्बार : जुन्या गोळीचे आभार तरी मानू ना?

डॉ. चैताली : जरूर माना. पण अर्धुकं शोधून जिनं मला फोन केला, तिचे आधी.

जब्बार : मदिना… डबी उघडलीस तेव्हा फार ओरडलो तुझ्यावर. चुकलं माझं. तू होतीस म्हणून मी आहे.

मदिनाबी : ओरडलात तेव्हाच जीव भांड्यात पडला माझा. चार दिवसांनी तुमचा आवाज ऐकला.