सनदेचं शिरस्त्राण

माझ्या हातच्या कामाची तुम्ही तारीफ करता ना, मग माझं पहिलं काम ऐका. आणि हसू नका.

ग्वाल्हेर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकात मला सरदाराचं काम मिळालं, आणि शिरस्त्राण मीच बनवणार म्हणून मी हटून बसलो. क्षिप्रेच्या काळ्या मातीचा साचा केला, तो वाळताना तडकला. देवास गेटजवळचा कुंभार म्हणाला, "भैया, पीली मिट्टी लो, थोड़ी रेत मिलाओ. और ऊपर अखबार मत चिपकाना, गल जाएगा. पुराना, हाथ का बना कागज लाओ."

तसला कागद आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या पेटीत होता, सगळा मोडीत लिहिलेला. मला मोडीचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणून मी तो रद्दीत काढला. अण्णांना विचारायचं सुचलंसुद्धा नाही. पट्ट्या फाडल्या, खळीत बुडवल्या, साच्यावर चिकटवल्या. शिरस्त्राण असं टणक झालं की नाटकात सगळ्यांत जास्त टाळ्या अण्णांनीच वाजवल्या.

महिन्याभरानं नोटीस आली, पणजोबांच्या इनाम जमिनीची सनद दाखवा. अण्णांनी पेटी उघडली, मग माझ्याकडे पाहिलं. आणि फळीवरचं शिरस्त्राण खाली काढलं.

कचेरीत त्यांनी शिरस्त्राण टेबलावर उलटं ठेवलं. आतून अर्धा शिक्का दिसत होता. बाबू हसतच सुटला. "ये कारनामा किसने किया?"

मी शेजारीच उभा होतो, चांगला बावीस वर्षांचा घोडा.

अण्णा हात जोडून म्हणाले, "जी, मैंने."