कोऱ्या पानावरचं श्री

चौदा मार्च, कडक ऊन. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅनडातली नोकरी मिळाली होती, एप्रिलअखेर रुजू व्हायचं होतं. त्या दिवशी व्हिसासाठी पासपोर्ट द्यायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी तो उघडला आणि विचारलं, "अहो, हे काय?"

पहिल्या कोऱ्या पानावर कुंकवाने ठसठशीत 'श्री' काढलेलं! मी घाईने आईला फोन लावला.

"अरे, नवी वही श्री काढल्याशिवाय वापरतात का?"

बाईंनी ऐकलं. "पासपोर्टवर लिहायचा अधिकार फक्त सरकारला आहे. देवालासुद्धा नाही. नवीन काढा."

नवा पासपोर्ट अठराव्या दिवशी आला, व्हिसा नऊ मेला. नोकरी चेन्नईच्या एका गृहस्थांना मिळाली.