आठ नंबरच्या गाडीचा जोड

मी मूळचा कोल्हापूरचा, शिरोलीला वेल्डर होतो, आणि काय सांगू ताई तुम्हाला, अमेरिकेत काही मी माझ्या हुशारीनं आलो नाही, बायकोच्या व्हिसावर आलो. मनीषाला तिच्या पुण्याच्या कंपनीनं मिशिगनला पाठवलं, तिच्या मागनं मी. मला कामाची परमिशन नव्हती, चार वर्षं घरात बसून चपात्या शिकलो, लई गोल करतो आता, ते जाऊ दे, पुढं ग्रीन कार्ड आलं आणि ॲन आर्बरच्या बाहेर एका शेडमध्ये वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याकडं कामाला लागलो.

वॉल्टर रेसची गाडी बांधत होता. रस्त्यावरची नव्हे, फक्त ट्रॅकवर तासन् तास पळायला केलेली, जमिनीला घासून चालल्यासारखी, प्रोटोटाइप म्हणतात तिला. मोठ्या कंपन्या शेकड्यानं माणसं लावून करतात ते आम्ही पाच जणांनी केलं. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, त्याचा एकूण एक जोड माझ्या हातचा. नंबर मिळाला आठ. पहिल्या वर्षी सारखा गिअरबॉक्स जायचा, दुसऱ्या वर्षी शेवटपर्यंत पळाली, तिसऱ्या वर्षी आमच्या गटात दुसरी आली, मनीषा कुंपणाशी उभी राहून शिट्ट्या मारत होती, खरंच मारत होती.

चौथ्या वर्षी भर दुपारी, उतारावरच्या वळणावर पुढचं डावं चाक निखळलं नि गाडी भिंतीवर. आमचा ड्रायव्हर केव्हिन, एरवी शाळेत गणित शिकवायचा, त्याचे दोन्ही पाय मोडले. तिथं गर्दीत कुणीतरी म्हणालं, वेल्ड सुटलं वाटतं. कोण म्हणालं ते आजही माहीत नाही, पण ऐकलं मी. वॉल्टरनं मोडक्या गाडीवर ताडपत्री टाकली, कुणाला हात लावू दिला नाही, शेड बंद केलं, गाडी ओहायोतल्या जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाच्या कोठारात जाऊन पडली. मी हॉस्पिटलात एकदाच गेलो, दारातनंच केव्हिनचे पाय बघितले आणि परत फिरलो. पुढं बारा वर्षं स्कूल बसच्या डेपोत सायलेन्सर जोडले. एकेक जोड तीन-तीनदा तपासायचो, सुपरवायझर म्हणायचा, दत्ता, बस आहे ही, विमान नाही.

यंदा मार्चमध्ये त्या शौकिनाचा फोन आला. गाडी पुन्हा उभी करायचीय, सांगाडा तुमच्याच हातचा ना, याल का. मी नको म्हणालो. मनीषा म्हणाली, जाऊन बघ एकदा, काय असेल ते असेल, बारा वर्षं ती गाडी आपल्या जेवणाच्या टेबलावर बसलीय, मलापण कंटाळा आलाय रे तिचा. तीच ड्राइव्ह करत घेऊन गेली.

ताडपत्री काढली, वरची कवचं उचलली, पुढच्या डाव्या कोपऱ्यात बॅटरी मारली. जोड अख्खा होता, ताई. नळी वाकलेली, जोड तसाच. तुटला होता चाक धरणारा बोल्ट, बाहेरनं विकत आणलेला, आणि त्याच्या तुटक्या तोंडावर कापलेल्या ओंडक्यावर असतात तशी वर्तुळं होती, म्हणजे आतल्या आत चीर हळूहळू वाढत गेलेली, वरनं कुणालाच दिसली नसती. मी तिथंच फरशीवर बसलो. मनीषा काय झालं, काय झालं करत आली, मी बोल्ट तिच्या हातात दिला.

तिथनंच केव्हिनला फोन लावला, नंबर जुनाच होता. सगळं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे चूक माझी नव्हती? मला वाटलं मी गाडी मोडली म्हणून तुम्ही कुणी माझ्याशी बोलत नाही. तोही रडला, मीही रडलो, शौकीन बिचारा कॉफी घेऊन आलेला, तो आल्या पावली बाहेर गेला.

आता दर शनिवारी ओहायोला जातो. वाकलेली नळी बदलली, बोल्ट सगळे नवे घातले. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, केव्हिन काठी घेऊन चालतो, पण चालवणार तोच. जोरात जा नाहीतर सावकाश जा म्हटलं बाबा, फक्त आपल्या पायानं खाली उतर.