सुटं टोक

नाही हो दादा, स्टॅबिलायझर बदलून बघितलाय, तो ठीक आहे, दिवा लागतो, पंखाही फिरतो — ऐका, फिरतोय की नाही? — आणि मग हे असं. काळी स्क्रीन, वर दोन ओळी इंग्रजी, आणि पुढे काही म्हणता काही नाही. रविवारपासून हेच चाललंय. मी बटण दाबते, तो गुरगुरतो, दोन ओळी दाखवतो आणि रुसून बसतो. काय लिहिलंय म्हणालात? सुरू व्हायला जे लागतं तेच सापडत नाही? सापडत नाही म्हणजे काय, सगळं आतच तर आहे. आमचा अख्खा धंदा आहे त्याच्यात. उघडा ना, उघडा, ते स्टूल घ्या — त्यावरचे लोकरीचे गुंडे ठेवा खाली, चालतंय.

स्वेटरचं काम आमचं. म्हणजे माझं आणि धाकटीचं — माझी जाऊ हो, धाकट्या दिरांची बायको. मी इथे या कॉम्प्युटरवर नमुने काढायचे, चौकटीचौकटीत, एक चौकट म्हणजे एक टाका, आणि तिने ते मशीनवर विणायचे. आमचे हे गेले तेव्हा मला कोण विचारणार होतं सांगा, हे काम होतं म्हणून दिवस निघाले. आता ती मंडळी नव्या घरी गेली, शनिवारीच. वेगळे झाले असं नका म्हणू — जागा पुरत नव्हती, एवढंच. मशीन मीच दिलं तिला, म्हटलं घेऊन जा, माझ्याच्यानं आता त्याच्यापुढे उभं राहवत नाही. ठरलंच होतं आमचं, नमुना इथून जाईल, माल तिकडे निघेल, नाव दोघींचं. म्हणजे हे नमुने आहेत तर मी आहे, नाहीतर मला कोण कशाला विचारतंय? थंडीची ऑर्डर यायच्या बेतात आहे. दुकानदाराचा फोन एव्हाना यायला हवा होता, अजून आला नाही — येईल. आला की पहिल्यांदा त्याला नमुने दाखवावे लागतात, आणि नेमकं आत्ताच याला मरण यायचं होतं.

धाकटीला किती काळजी बघा, सकाळपासून दोनदा फोन. ताई, झाला का सुरू? ताई, जुना झालाय तो, दुरुस्तीच्या नादी लागू नका, ते लोक लुटतात — तुम्हाला नाही हो म्हणत, तिचा आपला स्वभाव. माझं सगळं तीच बघायची. जायच्या दिवशी टेंपो दारात उभा, माणसं कपाटं उतरवताहेत, आणि ही बाई इथे बसून माझा कॉम्प्युटर पुसतेय! मलाच दटावलं, ताई, धुळीत बसू नका, खोकला लागेल, शेजारी जाऊन चहा घ्या. गेले मी. परत येते तर डबा लख्ख, आणि वर हे कव्हर घातलेलं, स्वतः विणलेलं. आजकाल कोण करतं असं? सख्खी बहीण करणार नाही.

नमुने माझेच सगळे. म्हणजे — रंग ती सुचवायची. आणि ती पानांची वेल, सगळ्यात खपली ती, ती आधी तिनेच कागदावर काढून आणली होती. पण कागदावर काय, कोणीही काढेल, टाक्यात बसवली मी. ती कधी काही बोलली नाही त्याबद्दल. एकदाच बोलली. जाऊ द्या.

निघालं का झाकण? मला आपलं उंदराचं वाटत होतं. नाही? आतूनही पुसलेलंय? बघा, म्हटलं नव्हतं — अहो, ही कसली जागा दाखवताय, रिकामीच दिसतेय. इथे काय असतं? डिस्क. डिस्क म्हणजे ज्यात सगळं साठवलेलं असतं तीच ना? मग ती कुठेय? खाली पडली असेल, डबा हलवून बघा, नीट बघा हो. — अशी पडत नाही म्हणता? स्क्रू काढल्याशिवाय निघतच नाही? बरं. पण काढेल कोण? तुमच्याआधी या डब्याला कोणाचा हातसुद्धा लागलेला नाही, मी आणि —

थांबा. ती वायर. ती घडी घालून बांधलीय ती. बॅटरी धरा जरा. लोकर आहे ना ती?

ही गाठ माझी आहे, दादा. मी शिकवलेली. लग्न होऊन आली तेव्हा हिला सुई धरता येत नव्हती, माझ्या शेजारी बसवून शिकवलं — सुटं टोक कधी लोंबतं सोडायचं नाही, घडी घालायची, दोन वेढे द्यायचे, टोक वेढ्याखालून काढायचं, ओढलं की सुटलं पाहिजे. हात असा वळला तिचा, असा वळला, की माझ्या घरातून माझंच चोरून नेतानासुद्धा तिला ती वायर लोंबती सोडवली नाही! आणि मोरपंखी लोकर. हा रंग ती जायच्या आदल्या दिवशी आला. गुंडा मीच दिला तिच्या हातात, म्हटलं तुझ्यासाठी काहीतरी विण.

काय म्हणालात? नक्कल? पेनड्राइव्हवर? म्हणजे तिच्याकडेही गेलं असतं आणि माझ्याकडेही राहिलं असतं? येतं की तिला ते, चांगलं येतं, दुकानदाराला नमुने तीच तर पाठवायची. मग काढून कशाला नेली — मग म्हणजे — म्हणजे तिला नुसते नमुने नको होते. ते माझ्याकडे राहायला नको होते. केसाने गळा कापला हो. आणि मी शेजारी चहा पितेय, तिचंच कौतुक सांगत. नवीन बसेल म्हणता? बसेल हो. पण त्यात असेल काय?

फोन. तिचाच आहे. थांबा, बोलू नका, तो पंखा बंद करा.

हं, बोल गं. — नाही, नाही झाला सुरू. आले होते ना, बघून गेले. जुना झालाय म्हणाले. हो, तू म्हणत होतीस तेच. — छे, उघडला कुठे, वरवरच बघितला. — मी बरी आहे, मला काय धाड भरलीय. आवाज? धुळीनं गं, घसा बसलाय. — दुकानदाराचा? नाही, मला नाही आला. तुला आला? — बरं झालं. वेलच हवी म्हणाला? म्हणणारच. तुझीच आहे ती. — हो, टाकते फेकून. ठेवते.

काय बघताय, दादा? झाकण लावा. नाही, नवीन काही नको. — अहो, त्या गाठीला हात नका लावू, ओढली की सुटते ती. राहू द्या तशीच. कव्हर मला द्या इकडे. या तुम्ही आता. दार ओढून घ्या.