उधव्याच्या काकींचे व्हॉल्व्ह

अरे, व्हॉल्व्ह शोधणं म्हणजे काय ते आम्हाला विचारा! आमच्या नरेशच्या बास गिटारचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, जुना, आत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह. ते गेले. मुंबईत विचारलं, तर दुकानदार हसायलाच लागला. शेवटी डहाणूचा एक रेडिओ मेकॅनिक म्हणाला, "उधवा गावात शेवंतीकाकींकडे जा. त्यांचे मिस्टर लग्नात लाउडस्पीकर लावायचे. ते वारले, पण त्यांचं व्हॉल्व्हचं मशीन घरात आहे."

अँप गाडीत घातला आणि गेलो. काकी म्हणाल्या, "काढून घ्या. पण आधी इथंच लावून बघा."

व्हॉल्व्ह बसवले. ते तापेपर्यंत काकी सांगत होत्या, "हे कुठल्याही पाड्यावर गेले, की माईक टेस्ट करताना माझंच नाव घ्यायचे. 'हॅलो, शेवंती, ऐकू येतंय का?' सगळं वऱ्हाड हसायचं. मी इथं दारात उभी राहून 'हो' म्हणायची. त्यांना कुठं ऐकू जाणार?"

तेवढ्यात व्हॉल्व्ह लालसर पेटले. नरेशनं तार छेडली, तशी फळीवरची भांडी थरथरली. आम्ही खूश!

काकींनी विचारलं, "माईक लागतो का याला?"

आमचा माईक गाडीत होताच. लावून दिला. काकींनी पदर सारखा केला, दाराकडे तोंड केलं आणि माईक ओठांजवळ धरला. नरेशनं हळूच आवाज वाढवला.

मग पार शेतापलीकडे ऐकू गेलं, "हो. येतंय ऐकू."